लिंक्ड लिस्टमधून क्रमांकाने घटक काढताना प्रोग्राम मंदावणे, कोसळणे किंवा चुकीचा घटक मिळणे : कारणे आणि उपाय

जमाखर्चाच्या नोंदींचा ताळा घेणारा एक जावा प्रोग्राम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तपासायला आला. चाचणीच्या पाचशे नोंदींवर तो पापणी लवायच्या आत उत्तर देत असे. वर्षभराच्या लाखभर नोंदी दिल्या की मात्र पडदा बराच वेळ जागचा हलत नसे, आणि दोन वर्षांच्या नोंदी एकत्र दिल्या की दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागे. उत्तर प्रत्येक वेळी बरोबर येत असल्यामुळे चूक कोठे शोधावी हेच कोणाला सुचत नव्हते. डेटाबेस तपासून झाला होता आणि सर्व्हरची मेमरीही वाढवून झाली होती. दोष निघाला तो अगदी साध्या दिसणाऱ्या एका ओळीत. लूपमध्ये शून्यापासून शेवटपर्यंत क्रमांक वाढवत जायचे आणि प्रत्येक क्रमांकासाठी यादीकडे ‘गेट’ मेथडने तो घटक मागायचा, असे ती ओळ करत होती, आणि यादी होती लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकेक घटक पुढच्याशी जोडत केलेली साखळी.

हीच अडचण त्यानंतर मला कितीतरी वेगवेगळ्या रूपांत भेटली आहे. कोणाचा प्रोग्राम मंदावतो, कोणाचा सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या भलत्याच जागेला हात लावल्याची चूक) देऊन कोसळतो, कोणाला तिसऱ्याऐवजी चौथा घटक मिळतो, तर कोणाच्या यादीतून एक घटक काढल्यावर त्याच्या शेजारचा तपासायचाच राहून जातो. तक्रारी वेगळ्या दिसल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो, तो असा की लिंक्ड लिस्टमधला क्रमांक म्हणजे त्या घटकाचा पत्ता. प्रत्यक्षात तो सुरुवातीपासून किती पावले चालायचे याचा आकडा असतो आणि तो आकडा वापरला की प्रत्येक वेळी ती पावले चालावीच लागतात.

ॲरेमध्ये सगळे घटक मेमरीत एकमेकांना लागून बसलेले असतात. सातशेव्या क्रमांकाचा घटक हवा असेल तर ॲरेच्या आरंभीच्या पत्त्यात सातशे गुणिले एका घटकाचा आकार एवढी भर घातली की नेमका पत्ता मिळतो. एक गुणाकार आणि एक बेरीज एवढेच काम असते, मग घटक सातवा असो की सात लाखावा. लिंक्ड लिस्टचे नोड, म्हणजे एक घटक आणि पुढच्याचा पत्ता एकत्र ठेवणारे तुकडे, मात्र मेमरीत जेथे जागा मिळेल तेथे असतात आणि पुढचा नोड कोठे आहे हे फक्त त्याच्या आधीच्या नोडला ठाऊक असते. क्रमांक आणि पत्ता यांच्यात कोणतेही गणिती नाते नसल्यामुळे सातशेव्यापर्यंत पोहोचायचे तर सातशे वेळा ‘पुढचा कोण’ असे विचारत जाणे हाच एक मार्ग उरतो. ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी १९५५-५६ च्या सुमारास आपल्या सुरुवातीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रामसाठी ही रचना वापरली, कारण त्यांना आधी लांबी न ठरवता वाढणाऱ्या आणि मध्येच बदलणाऱ्या याद्या हव्या होत्या. क्रमांकाने घटक काढणे हा या रचनेचा हेतू आरंभापासूनच नव्हता.

प्रोग्राम मंदावतो तेव्हा

निदानासाठी आधी एक साधी मोजणी करावी. ठरावीक माहितीवर लागणारा वेळ नोंदवावा, मग माहिती दुप्पट करून पुन्हा नोंदवावा आणि शेवटी चौपट करून. वेळ दुप्पट आणि चौपट होत गेला तर काम माहितीच्या प्रमाणात वाढत आहे आणि दोष दुसरीकडे शोधायला हवा. वेळ चौपट आणि सोळापट होत असेल तर काम माहितीच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत आहे, आणि लिंक्ड लिस्टवर क्रमांकाने फिरणारा लूप हा पहिला संशयित ठरतो. जावात याची खात्री करणे फारसे कठीण नाही. प्रोग्राम अडकलेला असताना जावाबरोबर येणाऱ्या ‘जेस्टॅक’ या साधनाने काही सेकंदांच्या अंतराने तीन-चार थ्रेड डंप, म्हणजे त्या क्षणी कोणती मेथड चालू आहे याच्या नोंदी, घ्याव्यात. प्रत्येक डंपमध्ये सर्वांत वर लिंक्डलिस्ट क्लासची ‘नोड’ नावाची अंतर्गत मेथड आणि तिच्या खाली ‘गेट’ दिसली, तर आणखी पुराव्याची गरज नाही.

आता हिशेब पाहा. एका दिशेची लिंक्ड लिस्ट असेल तर शून्याव्या घटकासाठी शून्य पावले, पहिल्यासाठी एक, दुसऱ्यासाठी दोन, असे करत एक लाख घटकांसाठी एकूण ४,९९,९९,५०,००० पावले होतात, म्हणजे जवळजवळ पाचशे कोटी. जावाची लिंक्डलिस्ट दोन्ही दिशांची आहे, त्यामुळे मागितलेला क्रमांक पहिल्या अर्ध्या भागात असेल तर ती सुरुवातीकडून आणि दुसऱ्या अर्ध्यात असेल तर शेवटाकडून चालते. ही काटकसर चांगली असली तरी तिने एकूण पावले निम्मीच होतात. एक लाखासाठी ती २,४९,९९,५०,००० भरतात. एका पावलाला दोन नॅनोसेकंद एवढा मोजका वेळ धरला तरी पाच सेकंद झाले. तेच काम एकदाच सलग चालून केले तर पावले होतात फक्त एक लाख आणि त्याच दराने वेळ लागतो मिलिसेकंदाचा एक पंचमांश. लूपमध्ये ‘गेट’ एकदाच नसून तीन वेळा असेल, जसे त्या ताळ्याच्या प्रोग्राममध्ये होते, तर पाचाचे पंधरा सेकंद होतात.

दोन नॅनोसेकंदही नेहमी पुरतात असे नाही. प्रोसेसर मेमरीतून एकेक बाइट न आणता बहुतेक यंत्रांवर ६४ बाइटांचा पट्टा एकदम कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, जलद मेमरीत) आणतो, आणि ॲरे वाचताना पुढचे पट्टे तो आधीच मागवून ठेवतो. लिंक्ड लिस्टमध्ये हाताशी असलेला नोड वाचून होईपर्यंत पुढच्याचा पत्ताच कळत नसल्यामुळे आधी मागवण्यासारखे काही नसते. यादी कॅशमध्ये मावेनाशी झाली की प्रत्येक पाऊल मुख्य मेमरीपर्यंत जाऊ लागते आणि तेथील एक फेरी साधारण शंभर नॅनोसेकंदांच्या घरात असते. शिवाय जागाही अधिक लागते. नेहमीच्या ६४ बिट जावात लिंक्डलिस्टचा एक नोड २४ बाइट व्यापतो, तर ॲरेलिस्टमध्ये, म्हणजे जावाच्या ॲरेवर उभारलेल्या यादीत, एका घटकाच्या संदर्भाला ४ बाइट पुरतात. यंत्र बदलून हा प्रश्न सुटत नाही, हे येथे आग्रहाने सांगावेसे वाटते. काम वर्गाच्या प्रमाणात वाढत असेल तर दुप्पट वेगाचा सर्व्हर आणूनही तेवढ्याच वेळात जेमतेम १.४ पट माहिती हाताळता येते, आणि खर्च मात्र पूर्ण होतो.

उपाय असा की क्रमांक लक्षात ठेवण्याऐवजी ठिकाण हातात धरावे. जावात ‘इटरेटर’ नेमके हेच करतो. आपण कोणत्या नोडपाशी आहोत हे तो लक्षात ठेवतो आणि पुढचा घटक मागितला की एकच पाऊल टाकतो. ‘फॉर-ईच’ लूप आतून इटरेटरच वापरतो, म्हणून बहुतेक वेळा क्रमांकाचा लूप काढून त्या जागी फॉर-ईच लिहिला की काम संपते. ‘पण मला क्रमांकही छापायचा आहे’ अशी अडचण पुष्कळ जण सांगतात. त्यासाठी इटरेटरच्या बरोबरीने एक साधा मोजणी चल ठेवून तो प्रत्येक फेरीत एकाने वाढवावा. क्रमांक जाणून घेणे वेगळे आणि क्रमांकावरून शोधत जाणे वेगळे. चालता चालता मोजलेल्या क्रमांकाला खर्च जवळजवळ नाहीच.

ताळ्याच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक नोंद तिच्या आधीच्या नोंदीशी ताडून पाहायची होती, म्हणून लेखकाने चालू क्रमांकाचा आणि त्याआधीच्या क्रमांकाचा असे दोन ‘गेट’ लिहिले होते, आणि तिसरा ‘गेट’ दुसऱ्या यादीतली जोडीची नोंद काढण्यासाठी होता. तेथे केलेली दुरुस्ती अशी : आधीची नोंद एका चलात जपून ठेवली, दुसऱ्या यादीवर वेगळा इटरेटर उघडला, आणि दोन्ही इटरेटर बरोबरीने पुढे नेले. यादी उलट दिशेने वाचायची असेल तर ‘डिसेंडिंगइटरेटर’ आहे. चालताना मध्येच घटक बदलायचे, घालायचे किंवा काढायचे असतील तर ‘लिस्टइटरेटर’ घ्यावा. त्याला आरंभीचा क्रमांक देता येतो, म्हणजे तेथवरची चाल एकदाच होते आणि पुढची सगळी कामे शेजारच्या शेजारी उरकतात.

आपण क्रमांक वापरलेला नसतानाही मंदावण्याचे आणखी एक कारण असते, आणि ते शोधायला अवघड जाते. आपण लिंक्डलिस्ट एखाद्या मेथडला देतो, ती मेथड केवळ ‘लिस्ट’ या सर्वसाधारण प्रकाराची यादी स्वीकारते आणि आत क्रमांकाने फिरते. देणाऱ्याला आतले दिसत नाही आणि लिहिणाऱ्याला ॲरेलिस्टच येईल असे वाटलेले असते. यासाठीच जावाच्या १.४ आवृत्तीपासून ‘रँडमॲक्सेस’ नावाचा एक रिकामा इंटरफेस आहे, ज्यात एकही मेथड नाही आणि जो केवळ खूण म्हणून लावायचा असतो. ॲरेलिस्टवर ही खूण आहे आणि लिंक्डलिस्टवर नाही. आपण लायब्ररीसाठी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडच्या संग्रहासाठी, मेथड लिहीत असाल आणि आत क्रमांक टाळता येत नसतील, तर सुरुवातीलाच ही खूण तपासावी, आणि ती नसल्यास आलेल्या यादीची ॲरेलिस्टमध्ये एकदा प्रत करून घ्यावी. प्रतीचा खर्च एका फेरीचा असतो. जावाची स्वतःची लायब्ररीही या पद्धतीने सावध राहते. यादी क्रमाने लावण्याची ‘सॉर्ट’ मेथड घटक आधी ॲरेत उतरवते, तेथे लावते आणि मग इटरेटरने परत भरते. त्यामुळे लिंक्डलिस्ट लावायला दिल्याने काही बिघडत नाही. पानापानाने माहिती दाखवताना ‘सबलिस्ट’ वापरणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की प्रत्येक पानासाठी त्या पानाच्या आरंभापर्यंतची चाल नव्याने होते.

‘मध्ये घालणे स्वस्त असते’ या वाक्याविषयी

लिंक्ड लिस्ट निवडली कशासाठी असे विचारले की बहुतेक वेळा उत्तर येते : मध्ये घटक घालायचे आणि काढायचे आहेत, आणि ते लिंक्ड लिस्टमध्ये स्थिर वेळात होते असे पुस्तकातल्या कोष्टकात दिले आहे. कोष्टक खोटे नाही, पण त्याची एक अट पुष्कळदा वाचायची राहते. ज्या नोडपाशी घालायचे तो नोड आधीच हातात असेल, तरच घालण्याचे काम दोन-चार पॉइंटर (नोडमध्ये लिहिलेले शेजारच्या नोडचे पत्ते) बदलण्यापुरते असते. क्रमांक देऊन घालायला सांगितले, तर आधी त्या क्रमांकापर्यंतची पूर्ण चाल होते आणि मगच ते दोन-चार पॉइंटर बदलतात. ॲरेलिस्टमध्ये मध्ये घालताना पुढचे सगळे घटक एकेक जागा सरकवावे लागतात हे खरे आहे, परंतु ते सलग मेमरीचे एकगठ्ठा स्थलांतर असते आणि प्रोसेसर ते अतिशय वेगाने करतो. म्हणून क्रमांक देऊन मध्ये घालण्याच्या कामातही ॲरेलिस्ट बहुधा पुढे राहते. मला वाटते की या एका अटीकडे झालेल्या दुर्लक्षाने जेवढे प्रोग्राम मंदावले असतील तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने मंदावले असतील, आणि शिकवताना ती अट कोष्टकातच लिहून द्यायला हवी. जावाच्या लिंक्डलिस्ट क्लासचे लेखक जोशुआ ब्लॉक यांनीही आपण स्वतः तो क्लास वापरत नाही असे जाहीरपणे सांगितलेले आहे. केवळ दोन्ही टोकांना घालायचे आणि काढायचे असेल, तर जावात ‘ॲरेडेक’ ही ॲरेवर उभारलेली दुटोकी रांग अधिक योग्य ठरते.

प्रोग्राम कोसळतो किंवा भलताच घटक देतो तेव्हा

हा भाग मुख्यतः सी भाषेत हाताने लिंक्ड लिस्ट लिहिणाऱ्यांसाठी आहे, कारण तेथे चालणे, थांबणे आणि यादी संपल्याचे ओळखणे या तिन्हींची जबाबदारी आपलीच असते.

पहिली चूक थांबण्याच्या अटीत होते. योग्य रीत अशी आहे : चालू पॉइंटर हेडवर (यादीच्या पहिल्या नोडवर) ठेवावा, मोजणी शून्यावर ठेवावी, आणि जोवर चालू पॉइंटर नल (‘पुढे कोणी नाही’ असे सांगणारा रिकामा पत्ता) नाही व मोजणी मागितलेल्या क्रमांकापेक्षा कमी आहे तोवरच पुढच्या नोडवर जावे. लूप संपल्यावर चालू पॉइंटर नल असेल तर तो क्रमांक यादीत नाही असे कळवावे, नसेल तर घटक द्यावा. दोन अटींपैकी नलची अट आधी लिहावी. लूपबाहेर पडल्यावरची नलची तपासणी विसरणे हे सेगमेंटेशन फॉल्टचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. कित्येक जण चालू नोडऐवजी चालू नोडचा ‘नेक्स्ट’ नल आहे का असे तपासतात. तसे केल्यास यादी रिकामी असताना पहिल्याच पावलावर प्रोग्राम कोसळतो, आणि मागितलेला क्रमांक यादीबाहेरचा असताना तो गुपचूप शेवटचा घटक देऊन मोकळा होतो. कोसळण्यापेक्षा हे अधिक घातक आहे, कारण चूक झाल्याचे कोणाला कळतच नाही.

ऋण क्रमांकाचेही असेच होते. वर सांगितलेल्या लूपला उणे एक दिले, तर मोजणी शून्य ही उणे एकपेक्षा कमी नसल्यामुळे लूप एकदाही फिरत नाही आणि यादीतला पहिला घटक उत्तर म्हणून मिळतो. म्हणून ऋण क्रमांक लूपच्या आधीच वेगळा तपासून नाकारावा. क्रमांकाचा प्रकार चिन्हरहित पूर्णांक ठेवला असेल तर उणे एकचा प्रचंड मोठा धन आकडा होतो, सगळी यादी चालून संपते आणि शेवटी नल मिळतो. एकाच चुकीचे दोन विद्यार्थ्यांच्या प्रोग्राममध्ये दोन वेगळे परिणाम का दिसतात, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

मोजणी शून्यापासून की एकपासून, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण प्रयोगवहीतला प्रश्न ‘तिसऱ्या स्थानावर घटक घाला’ असा असतो आणि प्रोग्राम शून्यापासून मोजत असतो. भाषाही याबाबत एकमत नाहीत. लिस्पमधील ‘एनटीएच’ शून्यापासून मोजते, अर्लँगच्या याद्यांमधील त्याच नावाचे फंक्शन एकपासून मोजते, आणि एसडब्ल्यूआय प्रोलॉगमध्ये तर दोन्ही रीतींसाठी दोन वेगळी नावे दिलेली आहेत. फंक्शनच्या वर एका ओळीत कोणती रीत पाळली आहे हे लिहून ठेवावे आणि सगळ्या फंक्शनांत तीच पाळावी. आणखी एक सूक्ष्म फरक आहे. पाच घटकांच्या यादीत, शून्यापासून मोजताना, पाच हा क्रमांक घटक काढण्यासाठी अवैध असतो, परंतु घटक घालण्यासाठी वैध असतो, कारण त्याचा अर्थ ‘सर्वांच्या शेवटी’ असा होतो. दोन्ही कामांसाठी एकच तपासणी लिहिली की शेवटी घालता तरी येत नाही, नाहीतर नसलेला घटक मागता तरी येतो. जावात दुसरी चूक झाली तर ‘इंडेक्स : ५, साइझ : ५’ असा स्पष्ट संदेश मिळतो. सी भाषेत असा संदेश देणारे कोणी नसते.

एखाद्या क्रमांकाचा नोड काढून टाकायचा असेल तर त्याच्या आधीच्या नोडवर थांबावे लागते, कारण जोडणी बदलायची ती आधीच्या नोडमध्ये. शून्याव्या नोडला आधीचा नोड नसतो आणि म्हणून पहिला घटक काढताना बहुतेक प्रोग्राम फसतात. हेडच्या आधी एक रिकामा नोड कायम ठेवला तर हा अपवाद उरत नाही. मी नवशिक्यांना हीच रीत सुचवतो, कारण तिच्यामुळे एक सबंध ‘इफ’ वाचतो आणि चुकीची एक सबंध जागा नाहीशी होते.

कधी चालतो आणि कधी कोसळतो अशा प्रोग्राममध्ये पुढील तीन गोष्टी पाहाव्यात. नवीन नोडसाठी ‘मॅलॉक’ या मेमरी मागणाऱ्या फंक्शनने घेतलेली जागा कोरी नसते, त्यामुळे शेवटच्या नोडच्या ‘नेक्स्ट’मध्ये नल भरायचे राहिले तर तेथे जुना कचरा असतो आणि चाल यादीच्या बाहेर भलत्याच पत्त्यावर जाते. ‘फ्री’ केलेल्या, म्हणजे मेमरी परत देऊन टाकलेल्या, नोडमधून पुढचा पत्ता वाचणे ही दुसरी गोष्ट. पुढचा पत्ता आधी वेगळ्या चलात घ्यावा आणि मगच नोड मोकळा करावा. तिसरी म्हणजे लांबीसाठी ठेवलेला वेगळा आकडा. एखाद्या फंक्शनमध्ये घटक काढल्यावर तो कमी करायचा राहतो, मग आकडा सांगतो सहा आणि नोड असतात पाच. प्रत्येक बदलानंतर यादी चालून मोजावी आणि मोजणी त्या आकड्याशी जुळते का हे ‘असर्ट’ने तपासावे. दोष सापडेपर्यंत एवढा जादा खर्च करायला हरकत नाही. पहिल्या दोन चुकांसाठी जीसीसी किंवा क्लँग कंपायलरमधील ‘ॲड्रेस सॅनिटायझर’ ही मेमरीच्या चुका पकडणारी सोय सुरू करून प्रोग्राम चालवावा किंवा ‘व्हॅलग्राइंड’ या तशाच साधनाखाली चालवावा. मोकळ्या केलेल्या जागेतून वाचन कोणत्या ओळीवर झाले आणि ती जागा कोणत्या ओळीवर मोकळी केली होती, हे दोन्ही त्यात कळते.

प्रोग्राम कोसळत नाही आणि संपतही नाही, असे झाले तर यादीत गाठ पडली आहे का ते पाहावे, म्हणजे एखाद्या नोडचा पुढचा पत्ता मागच्याच एखाद्या नोडकडे वळला आहे का. एक पॉइंटर एकेक पाऊल आणि दुसरा दोन-दोन पावले टाकत न्यावा. गाठ असेल तर दोन्ही कधीतरी एकाच नोडवर भेटतात, नसेल तर जलद पॉइंटर नलवर पोहोचतो.

चालता चालता घटक काढताना

येथे क्रमांक स्वतःच सरकतात. यादीत ४, ७, ७, ९ आहेत आणि सगळे सात काढायचे आहेत असे समजा. क्रमांक एकवरचा सात काढला की दुसरा सात क्रमांक एकवर येतो, आणि लूप तर क्रमांक दोनवर गेलेला असतो. शेवटी यादीत ४, ७, ९ उरतात. लागून आलेल्या जोड्या नसतील तर ही चूक चाचणीत दिसत नाही, म्हणून चाचणीत अशी जोडी मुद्दाम ठेवावी.

जावात फॉर-ईच चालू असताना यादीच्या ‘रिमूव्ह’ने घटक काढला तर पुढच्या फेरीत ‘कॉन्करंट मॉडिफिकेशन’चा अपवाद येतो, आणि तो यावा हेच चांगले. परंतु शेवटून दुसरा घटक काढला तर हा अपवाद येत नाही. यादीची लांबी एकाने घटते, इटरेटरला आपण शेवटी पोहोचलो असे वाटते आणि शेवटचा घटक न तपासताच लूप संपतो. इटरेटरची स्वतःची ‘रिमूव्ह’ वापरावी, किंवा जावा ८ पासून उपलब्ध असलेली ‘रिमूव्हइफ’ वापरावी, म्हणजे क्रमांकांचा प्रश्नच उरत नाही. पूर्णांकांच्या यादीत आणखी एक खड्डा आहे. ‘रिमूव्ह’ला साधा सात दिला तर जावा तो क्रमांक समजते आणि सातव्या क्रमांकावर जे असेल ते काढते. सात हे मूल्य काढायचे असेल तर ते ‘इंटिजर’ वस्तू म्हणून द्यावे लागते.

इतर भाषांत हीच अडचण

सी प्लस प्लसमधील ‘लिस्ट’, सी शार्पमधील ‘लिंक्डलिस्ट’ आणि रस्टमधील ‘लिंक्डलिस्ट’ यांना चौकटी कंसात क्रमांक देताच येत नाही, कंपायलर ते नाकारतो. पुष्कळांना ही उणीव वाटते आणि ते वाट काढतात. सी प्लस प्लसमध्ये ‘एसटीडी नेक्स्ट’, सी शार्पमध्ये ‘लिंक’ (LINQ) या लायब्ररीची ‘एलिमेंटॲट’, रस्टमध्ये इटरेटरची ‘एनटीएच’, अशा त्या वाटा आहेत. त्या एखाद्या वेळी वापरायला ठीक आहेत, परंतु लूपमध्ये घातल्या तर वरचीच वर्गाची वाढ परत येते. कंस नाकारण्यामागे भाषाकारांचा हेतू हाच आहे की चालण्याचा खर्च लिहिणाऱ्याला दिसावा. सी प्लस प्लसमध्ये यादीच्या टोकापलीकडे चालल्यास काय होईल याची भाषा कोणतीही हमी देत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पायथनमध्ये उलटा गोंधळ होतो. तेथील ‘लिस्ट’ ही नावाने यादी असली तरी आतून ॲरे आहे, म्हणून तिला क्रमांक कितीही वेळा द्यावेत. ‘कलेक्शन्स’मधील ‘डेक’ मात्र जोडलेल्या ठोकळ्यांची रचना आहे. दोन्ही टोकांपाशी ती जलद आहे, पण मधल्या क्रमांकांसाठी तिला ठोकळ्यामागून ठोकळा चालावे लागते. हॅस्केलमधील दोन उद्गारचिन्हांचे चिन्ह, एलिक्सिरमधील ‘एनम ॲट’ आणि रेडिस या डेटाबेसमधील ‘एलइंडेक्स’ यांनाही चालावेच लागते. रेडिसमध्ये लांब यादीच्या मधल्या नोंदी एकेक करून मागण्याऐवजी ‘एलरेंज’ने तुकडा एकदम मागवावा.

क्रमांकही हवा आणि मध्ये घालणेही हवे असेल तर

अशी गरज खरोखर असते, उदाहरणार्थ मोठा मजकूर संपादित करणाऱ्या प्रोग्रामला. काही हजार घटकांपर्यंत ॲरेलिस्टने भागते आणि त्याहून गुंतागुंतीचे काही करण्याआधी ती मोजून पाहावी. त्यापुढे दोन रचना उपयोगी पडतात. पहिली म्हणजे प्रत्येक फांदीखाली किती घटक आहेत याची नोंद ठेवणारे समतोल झाड. दुसरी म्हणजे विल्यम प्यू यांनी १९९० मध्ये मांडलेली स्किप लिस्ट, जी मूळ लिंक्ड लिस्टवर लांब उड्यांचे काही मजले चढवते. प्रत्येक उडी किती घटक ओलांडते हे तिच्याबरोबर लिहून ठेवले की लाखभर घटकांतून हवा तो क्रमांक साधारण काही डझन पावलांत सापडतो. रेडिसचे क्रमवार संच घटकाचा क्रमांक असाच काढतात.

पुष्कळदा मात्र क्रमांकाची गरज वरवरची असते. शेवटून पाचवा नोड हवा असेल तर लांबी मोजून वजाबाकी करण्याऐवजी एक पॉइंटर पाच पावले पुढे पाठवावा आणि मग दोन्ही बरोबरीने न्यावेत. पुढचा नलवर पोहोचला की मागचा हव्या त्या नोडवर असतो. मधला नोड हवा असेल तर एक पॉइंटर एकेक आणि दुसरा दोन-दोन पावले न्यावा. एखाद्या नोडकडे वारंवार परतायचे असेल तर त्याचा क्रमांक साठवू नये, त्या नोडचा पॉइंटर हॅश मॅपमध्ये (खुणेवरून थेट मूल्य देणाऱ्या कोष्टकात) साठवावा. त्याच्या अलीकडे घटक घातले-काढले तर साठवलेला क्रमांक चुकीचा ठरतो, पण तो नोड यादीत असेपर्यंत त्याचा पॉइंटर बरोबरच राहतो.

दुरुस्तीनंतर चाचणी घेताना रिकामी यादी, एक घटकाची यादी आणि पाच घटकांची यादी घ्यावी, आणि प्रत्येकीला उणे एक, शून्य, लांबीपेक्षा एकाने कमी, बरोबर लांबीएवढा आणि लांबीपेक्षा एकाने जास्त असे पाच क्रमांक देऊन पाहावेत. प्रत्येक जोडीचे अपेक्षित उत्तर आधी कागदावर लिहावे आणि मग प्रोग्राम चालवावा. त्यानंतर पन्नास हजार, एक लाख आणि दोन लाख नोंदींवर वेळ पुन्हा मोजावा. ताळ्याच्या त्या प्रोग्राममध्ये दुरुस्तीनंतर नोंदी दुप्पट केल्या तेव्हा वेळ दुप्पटच झाला, आणि मगच ती तक्रार मिटली असे मी लिहून दिले.